'आल्ला बोलोन्येसे': रागूच्या नोंदीमागचा इतिहास

इटालियन पदार्थाच्या नावात 'आल्ला' (अमक्याच्या पद्धतीचा) आलं की पुढे बऱ्याचदा गाव येतं: मिलानेसे, रोमाना, जेनोवेसे. पण गावाचं नाव लागलं म्हणून पदार्थ तिथलाच असतो असं नाही. मांसाच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त कांदा घालून तासन्‌तास शिजवलेली 'जेनोवेसे' नेपल्सच्या घरांतली आहे, जेनोवाची नव्हे. बोलोन्येसे, म्हणजे पास्तावर घालायचा मांसाचा दाट रस्सा (रागू), मात्र इटलीतल्या बोलोन्या शहराचाच. वाद आहे तो भांड्यात काय जावं यावर.

1891 साली छापल्या गेलेल्या एका पाककृतीत बोलोन्येसेसाठी वासराचं 150 ग्रॅम मांस बारीक तुकडे करून घेतलं आहे. सोबत 50 ग्रॅम पांचेत्ता (खारवलेलं डुकराचं पोट), 50 ग्रॅम लोणी, कांदा, गाजर, सेलरी, चिमूटभर मैदा आणि मांसाचं पाणी (ब्रॉथ). टोमॅटो अजिबात नाही. शिवाय हे सगळं तागलियातेल्लेवर (अंड्याच्या पास्ताच्या चपट्या पट्ट्यांवर) नाही, तर आखूड, जाड मॅकरोनीवर घालायचं होतं.

गावाने मोजमाप हाती घेतलं ते फार नंतर. 16 एप्रिल 1972 रोजी तागलियातेल्लेची रुंदी ठरली: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे बोलोन्यातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग. 17 ऑक्टोबर 1982 रोजी रागूची कृतीही शहरातल्या व्यापारी मंडळाच्या दफ्तरात दाखल झाली. तिच्यात 300 ग्रॅम 'कार्तेल्ला', म्हणजे गाईच्या पोटाच्या पडद्याचं मांस, 150 ग्रॅम पांचेत्ता, पाच चमचे टोमॅटोचा रस आणि पेलाभर सायीचं दूध होतं. कोरड्या पास्तासाठी शेवटी साय घालायची मुभा होती. तागलियातेल्लेसाठी तिला मनाई होती. हा बारकावा फार मोलाचा आहे, कारण अंड्याच्या ताज्या पास्ताला सायीची गरजच नसते.

20 एप्रिल 2023 रोजी ही नोंद बदलली आणि तिच्याबद्दल अजून तक्रारी आहेत. कार्तेल्ला गेलं, त्याजागी 400 ग्रॅम जाडसर बीफ खिमा आला. टोमॅटो थेट 200 ग्रॅम, वर चमचाभर दाट अर्क. दूध ऐच्छिक ठरलं. खिम्याचा बदल समजण्यासारखा आहे, कारण कार्तेल्ला प्रत्येक खाटिकाकडे मिळत नाही. टोमॅटोचं वाढलेलं प्रमाण मात्र रागूला लाल सॉसकडे ढकलतं, आणि आंबटपणा वाढल्यावर तो निवळवणारं दूधच ऐच्छिक करणं पटत नाही. लसूण, रोझमेरी, पार्सली, मैदा, धुरावलेली पांचेत्ता आणि नुसतं डुकराचं मांस या गोष्टींना नवी नोंदही नाही म्हणते, हे बरं झालं.

क्रमात चूक झाली तर कुठलीही नोंद उपयोगी पडत नाही. आधी पांचेत्ता मंद आचेवर वितळू द्यावी, मग बारीक चिरलेल्या भाज्या मऊ होईपर्यंत परताव्यात. खिमा घातल्यावर आच मोठी हवी आणि भांडं रुंद. अरुंद भांड्यात खिमा पाणी सोडतो, त्याच पाण्यात उकडतो, करडा राहतो आणि पुढे कितीही शिजवला तरी त्याला भाजल्याची चव येत नाही. वाइन ओतल्यावर तिचा उग्र वास पूर्ण जाईपर्यंत थांबावं. टोमॅटो लवकर घातला तर तो वास आत अडकून राहतो. मग मंद आचेवर किमान दोन तास, लागेल तसं गरम ब्रॉथ घालत. रागू निम्मा शिजल्यावर दूध घालून पूर्ण मुरू द्यावं.

या नोंदीला कायद्याचं बळ नाही. 'पिझ्झा नापोलेताना'ला 2010 मध्ये आणि 'आमात्रिचाना'ला 2020 मध्ये युरोपीय संघाने पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. बोलोन्याच्या दफ्तरातला कागद मात्र फक्त सांगतो, अडवत नाही. म्हणून जगभर स्पॅगेटीवर ओतलेला लाल खिमा याच नावाने विकला जातो.