कंबर नेमकी कुठे? स्त्री-आरोग्य सर्वेक्षणांतल्या शरीरतपासणीची पार्श्वभूमी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पहिल्यांदाच बायकांच्या कंबरेला टेप लागली. १५ ते ४९ वयाच्या ५६.७ टक्के स्त्रियांचं कंबर-नितंब गुणोत्तर (कंबरेचा घेर भागिले नितंबाचा घेर) ०.८५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे धोक्याच्या बाजूला निघालं. पुरुषांसाठी रेषा ०.९० ची होती आणि तिच्या पलीकडे ४७.७ टक्के होते. आकडा गाजला. टेप शरीरावर नेमकी कुठे धरली होती, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

ठरावीक साच्यात स्त्रियांची शरीरतपासणी करण्याची प्रथा जुनी नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ मध्ये सुरू झालेल्या हृदयविकाराच्या अभ्यासात ५,२०९ जणांमध्ये निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या, हा त्या काळात अपवादच. १९७६ मध्ये अमेरिकेतल्याच परिचारिकांचा मोठा अभ्यास सुरू झाला, तो टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीवर. पुढे त्यांना स्वतःची कंबर स्वतःच मोजून कळवायला सांगितलं, बेंबीच्या पातळीवर. १९९३ ते १९९८ या काळात ५० ते ७९ वयाच्या १,६१,८०८ स्त्रिया ज्या अमेरिकी अभ्यासात दाखल झाल्या, तिथे मात्र प्रशिक्षित माणसाने केंद्रावर उंची, वजन, घेर, रक्तदाब घेण्याची शिस्त आली.

आपल्याकडचा एक अभ्यास या रांगेत वेगळा उभा आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची मुलाखत, शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या झाल्या. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले, सरासरी एकीला ३.६. त्याआधी कधी स्त्रीरोगासाठी आतून तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. इतकं दिसूनही देशव्यापी सर्वेक्षणांनी आतून तपासणी कधी स्वीकारली नाही. अंगावरून जाणं, दुखणं याबद्दल प्रश्न विचारण्यावरच भागवलं. कारण सरळ आहे. त्यासाठी स्त्री-डॉक्टर, उजेड, दार बंद होणारी खोली आणि उकळून निर्जंतुक केलेली उपकरणं लागतात. वजनकाटा मात्र पिशवीत मावतो.

तर पिशवीत मावेल ते मोजायचं, असा या सर्वेक्षणांचा इतिहास आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (१९९२-९३) फक्त लहान मुलांची मापं होती, आणि उंचीची फळी वेळेत न मिळाल्याने पाच राज्यांत तर उंचीच घेतली गेली नाही. दुसऱ्या फेरीत (१९९८-९९) विवाहित स्त्रियांची उंची, वजन आणि बोटातून हिमोग्लोबिन आलं. तिसरीत (२००५-०६) अविवाहित स्त्रिया आणि पुरुषही आले. चौथीत (२०१५-१६) रक्तदाब आणि रक्तातली साखर. पाचवीत कंबर आणि नितंब.

यातली उंची सगळ्यात सोपी समजली जाते, पण अंबाड्याने ती बिघडते. डोक्यावर टेकणारी सरकपट्टी केसांवर अडते. १५० सेंमी उंचीच्या, ४२ किलो वजनाच्या बाईचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.७ येतो, अंबाडा दोन सेंटीमीटर वर धरला की तो १८.२ होतो, आणि १८.५ ही कुपोषणाची रेषा असल्याने धडधाकट बाई तक्त्यात 'कृश' ठरते. म्हणून गजरा, चाप काढायचे, अंबाडा सोडायचा किंवा बाजूला घ्यायचा. टाचा, नितंब, खांदे फळीला टेकवायचे. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत ठेवायचं. वजनात लुगडं आणि चांदीचे वाळे मिसळतात. दागिने उतरवायला सांगणं मुक्कामाच्या गावात अवघड जातं, म्हणून बहुतेक नियमावल्या जड वस्तूंवरच थांबतात.

आता कंबर. मराठीत हा शब्दच फसवा आहे. 'कंबर दुखते' म्हणणारी बाई पाठीच्या खालच्या भागाला हात लावते. कंबरपट्टा बांधतात तो वेगळ्याच जागी. परकराची नाडी जिथे रुतते ती तिच्या लेखी कंबर, आणि शिंपी 'कंबर' म्हणून घेतो ते माप याच जागेचं. नितंबाच्या घेराला शिंप्याकडे 'सीट' म्हणतात. छापील नियमावलीतला 'नितंब' शब्द अंगणात उच्चारायला मोजणाऱ्या मुली संकोचतात, म्हणून क्षेत्रावर बऱ्याचदा हाताने खूण करून काम चालतं. मोजणारीने 'कंबर मोजते' म्हटलं की समोरची साडी खाली सरकवून नाडीचा वळ पुढे करते. मोजणारी नवखी असली की टेप तिथेच बसते.

शास्त्रीय बाजूलाही एकवाक्यता नव्हती. एक पद्धत शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या (बाजूला हाताला लागणाऱ्या) हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये माप घेते. अमेरिकेच्या राष्ट्रीय पोषण-आरोग्य सर्वेक्षणात टेप थेट त्या हाडाच्या वरच्या काठावर बसते. तिसरी पद्धत धडाचा सर्वांत अरुंद भाग शोधते, चौथी बेंबी धरते. पुरुषांत या जागांमधला फरक थोडा असतो. स्त्रियांत, विशेषतः बाळंतपणांनंतर पोट सुटलेल्या स्त्रियांत, तो कित्येक सेंटीमीटर जातो. समजा, एकीचा नितंबघेर ९३ सेंमी आहे. कंबर मध्यावर मोजली तर ७८, गुणोत्तर ०.८४, हाडाच्या काठावर मोजली तर ८२, गुणोत्तर ०.८८. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी मानली जाणारी ८० सेंमीची मर्यादाही तिने या चार सेंटीमीटरांत ओलांडली. बाई तीच, सकाळ तीच.

डिसेंबर २००८ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेली तज्ज्ञांची बैठक झाली, तीत बरगडी आणि हाड यांच्या मध्यबिंदूची पद्धत पुढे केली गेली. मध्यबिंदूमागचा युक्तिवाद असा की अरुंद भाग स्थूल माणसात सापडतच नाही, बेंबी लोंबत्या पोटाबरोबर खाली जाते, हाडं मात्र जागची हलत नाहीत. तो पटण्यासारखा आहे. फक्त बोटांनी हाड शोधावं लागतं, आणि ही चाचपणी अनोळखी बाईच्या उघड्या अंगावर करायची आहे, हे बैठकीच्या कागदात मावलेलं नाही. जी पद्धत सर्वांत बिनचूक तीच क्षेत्रावर सर्वांत आधी टाळली जाते.

मध्यबिंदू काढायची रीत अशी: काखेच्या मध्यातून खाली सरळ रेषा कल्पायची. त्या रेषेवर बोट दाबत शेवटची बरगडी संपते तिथे पेन्सिलने खूण करायची, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ लागेल तिथे दुसरी. दोन्हींमधलं अंतर मोजून निम्म्यावर तिसरी खूण. टेप तिसऱ्या खुणेवरून आडवी फिरवायची. मागे ती खाली घसरते, म्हणून दुसरीने पाठीमागून पाहायचं. पाय जुळवलेले, हात बाजूला सैल. श्वास सहज सोडून झाल्यावर वाचायचं. 'श्वास सोडा' असं सांगितलं तर बाई पोट आत ओढते, त्यामुळे तेवढा वेळ बोलायचंच नाही. टेपला ताण ठरावीक हवा, साधारण १०० ग्रॅमचा. पाचव्या फेरीत म्हणूनच स्प्रिंग जोडलेल्या टेपा होत्या, कारण शिवणकामाची टेप ओढेल तितकी ताणली जाते. दोनदा मोजायचं, एक सेंटीमीटरहून जास्त तफावत आली तर दोन्ही मापं पुन्हा. नितंबाचा घेर बाजूने पाहून सर्वांत फुगीर जागी, परकराच्या चुण्या सपाट करून.

गरोदर स्त्रीचं कंबरमाप निरर्थक असल्याने तसा प्रश्न आधी विचारावा लागतो. तो सासूसमोर विचारला की उत्तर 'नाही' येण्याचा धोका असतो, विशेषतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत. बीएमआयच्या हिशेबातून गरोदर आणि गेल्या दोन महिन्यांत बाळंत झालेल्या स्त्रिया वगळतात, ते याच कारणाने.

रक्तदाबाला स्त्रियांच्या बाबतीत एक खास अडचण आहे: पोलक्याची बाही. घट्ट बाही दंडावर वर सारली की तिचाच आवळपट्टा होतो आणि आकडा बिघडतो. हात बाहीतून काढून पदराने झाकून घेणं हाच उपाय. दंडाचा घेर न मोजता मधल्या मापाचा पट्टा सगळ्यांना बांधला तर जाड दंडावर रक्तदाब खोटा चढतो. हात हृदयाच्या पातळीवर, पाठ टेकलेली, मांडी न घालता पाय जमिनीवर, लघवी उरकलेली, अर्ध्या तासात चहा नाही, आणि मापताना गप्पा नाहीत. तीन वाचनं पाच-पाच मिनिटांच्या अंतराने घ्यायची आणि पहिलं सोडून द्यायचं. घरी आलेल्या पाहुणीला चहा न देता अर्धा तास गप्प बसणं हे यजमानीणबाईला सगळ्यात जड जातं.

या सगळ्याची घडी प्रशिक्षणात बसवतात. सुमारे दहा जणींना प्रत्येक शिकाऊ मापकीने दोनदा मोजायचं, पहिला आकडा न पाहता, आणि प्रशिक्षिकेनेही. दोन वाचनांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज, भागिले मापलेल्या जणींच्या दुपटीने, त्याचं वर्गमूळ: ही तिची मापनचूक. क्षेत्रावर चोरी शेवटच्या अंकावरून पकडली जाते. प्रामाणिक मापांत ० ते ९ सगळे अंक सारखे यायला हवेत. ० आणि ५ यांचाच ढीग दिसला तर मापं अंदाजे घेतली, किंवा घेतलीच नाहीत.

अलीकडचा वाद मात्र टेपेचा नाही, रक्ताचा आहे. दुसऱ्या फेरीपासून हिमोग्लोबिन बोटाच्या थेंबावर मोजलं जात होतं. पहिले थेंब पुसून पुढचा घ्यायचा, बोट पिळायचं नाही, कारण पिळलं की पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. थंड बोटातून थेंब येत नाही आणि पन्नासावी बाई असली की पिळलं जातंच. शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेच्या यंत्रावर मोजणं जास्त भरवशाचं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही आलं आहे. त्याआधीच सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिन वगळलं गेलं आणि शिरेच्या रक्तावरचं वेगळं सर्वेक्षण हाती घेतलं गेलं. निर्णय शास्त्राला धरून आहे. पण पंडुरोग (रक्तात हिमोग्लोबिन कमी) असलेल्या स्त्रियांचं प्रमाण चौथ्या फेरीत ५३.१ आणि पाचवीत ५७.० टक्के होतं, महाराष्ट्रात ४८.० वरून ५४.२ वर गेलं होतं. तो चढ खरा होता की पिळलेल्या बोटांचा, हे आता त्या दोन आकड्यांवरूनच ताडावं लागेल, कारण शिरेतून काढलेला पुढचा आकडा त्यांच्या ओळीत बसत नाही.