जन्मजात अॅड्रिनल विकार आणि सोनोग्राफी: पार्श्वभूमी

नवजात बाळाची अॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडावरची, संप्रेरकं बनवणारी) मूत्रपिंडाच्या प्रमाणात मोठ्या माणसापेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे सोनोग्राफीत ती सहज सापडते. सीएएच या जन्मजात विकारात ही ग्रंथी पुरेसं कॉर्टिसॉल बनवू शकत नाही आणि फुगते. त्याचं पहिलं सविस्तर वर्णन १८६५ मध्ये नेपल्समध्ये झालं, कॉर्टिझोनचा उपचार १९५० मध्ये आला आणि १९७७ मध्ये टाचेच्या रक्तातून १७-ओएचपी (या विकारात वाढणारं एक संप्रेरक) मोजता येऊ लागलं. सोनोग्राफीची लक्षणं त्यानंतरची. ग्रंथीचे फाटे ४ मिमीपेक्षा जाड, कडा मेंदूसारख्या वळ्यावळ्यांच्या, आत ठिपके. चित्र नॉर्मल आलं म्हणून विकार नाही असं मात्र ठरत नाही.

पुण्यात या तपासणीची कथा कायद्याशी जोडली गेली. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये सर्वांत आधी केला; देशाचा कायदा १९९४ चा. मुलींच्या घटत्या संख्येपुढे तो हवाच होता. पण २०१२ च्या नियमांनी सोनोग्राफीचं फिरतं यंत्र नोंदणीकृत जागेपुरतं बांधलं. ज्या नर्सिंग होममध्ये यंत्र नाही, तिथल्या आजारी बाळाकडे यंत्र नेता येत नाही, बाळालाच हलवावं लागतं. या कायद्याखाली सोनोग्राफीच्या नोंदीसाठी भरायच्या एफ फॉर्ममधल्या चुकांवरच्या कारवाईविरोधात जून २०१६ मध्ये पुण्यातल्या रेडिओलॉजिस्टांनी काम बंद ठेवलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदींबाबतची कठोर तरतूद कायम ठेवली. खरं तर एफ फॉर्म गरोदर स्त्रीसाठी असतो. जन्मलेल्या बाळाचं बाह्य लिंग अस्पष्ट असेल (सीएएच असलेल्या मुलींमध्ये असं दिसतं), तर गर्भाशय आहे का हे सोनोग्राफीत बघणं हे गर्भलिंगनिदान नव्हे. ही तपासणी बिनदिक्कत, आणि त्याच दिवशी, व्हायला हवी.

मुलग्यांचं दुखणं वेगळं. ते बाहेरून नॉर्मल दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन घटणं, सुस्ती सुरू होते. देशभर सरसकट नवजात तपासणी नसल्याने निदान हुकतं. अशा बाळाला बऱ्याचदा जठराचं आतड्याकडचं तोंड अरुंद झालंय का, हे बघायला सोनोग्राफीला पाठवतात. त्याच वेळी प्रोब (यंत्राचा पोटावर फिरवायचा भाग) जरा सरकवून अॅड्रिनल पाहावी. जठराच्या त्या विकारात पोटॅशियम सहसा कमी असतं; सीएएचमध्ये ते वाढलेलं आणि सोडियम उतरलेलं असतं. १७-ओएचपीसाठी रक्त काढून ठेवावं आणि अहवालाची वाट न बघता सलाइन व हायड्रोकॉर्टिझोन सुरू करावं.