सीएसव्हीडीई आणि एलडीआयएफडीई : शेकडो खाती एकदम उघडताना कोणती आज्ञा कशासाठी

प्रथम वर्षाचे प्रवेश संपले की कार्यालयाकडून एक्सेलची एक फाईल येते आणि सोमवारपासून प्रात्यक्षिके सुरू होत असल्याने तेवढी मुलांची लॉगिन करून ठेवावीत, असा निरोपही तिच्यासोबत येतो. यादीत कधी १२० नावे असतात, कधी ४८०. एकेक नाव टंकून खाते उघडण्याइतका वेळ कोणापाशीच नसतो. नेटवर्कवर विंडोज सर्व्हरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या खात्यांची आणि समूहांची मध्यवर्ती यादी) असेल, तर अशा वेळी शोधाशोध करणाऱ्याच्या हाती दोन जुन्या आज्ञा लागतात : सीएसव्हीडीई आणि एलडीआयएफडीई. दोन्ही विंडोज २००० सर्व्हरच्या काळापासून आहेत, दोन्ही कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या पडद्यावर चालतात आणि दोघींच्या नावांतला 'डीई' म्हणजे डेटा एक्सचेंजच. फाईल आत घेण्यासाठी डॅश आय, फाईलचे नाव सांगण्यासाठी डॅश एफ, ठरावीक चुका आल्या तरी पुढे जाण्यासाठी डॅश के, कामाची नोंदवही (लॉग) कुठे ठेवायची ते सांगण्यासाठी डॅश जे, हे स्विचही (आज्ञेपुढे लिहायचे पर्याय) दोघींना समान आहेत. त्यामुळे एकीला सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या रकान्यांची) फाईल लागते, दुसरीला एलडीआयएफ (डिरेक्टरीच्या नोंदी लिहिण्याचा मजकुराचा साचा), बाकी काम एकच, अशी समजूत सहज होते. काही वर्षे माझीही तीच होती.

फाईलचा साचा वेगळा आहे हे खरेच, पण त्या साच्यामुळे पडणारा फरक फार खोल आहे. सीएसव्हीच्या एका ओळीत एका माणसाचे वर्णन असते : नाव, लॉगिन, विभाग, ईमेल. त्या वर्णनाचे करायचे काय, हे सांगणारा रकानाच तिथे नाही. म्हणून सीएसव्हीडीई प्रत्येक ओळीचा एकच अर्थ लावते, तो म्हणजे 'ही नवी नोंद घाल'. असलेली नोंद बदलणे किंवा काढून टाकणे तिला येत नाही. एलडीआयएफच्या नोंदीत मात्र वर्णनाबरोबर क्रियापदही असते. चेंजटाइप नावाची एक ओळ प्रत्येक नोंदीत लिहिता येते आणि तिथे ॲड, मॉडिफाय, डिलीट किंवा नोंदीचे नाव-ठिकाण बदलणारा प्रकार सांगता येतो. हा साचा मायक्रोसॉफ्टचा नाही. एलडीएपी (डिरेक्टरीशी बोलण्याची सर्वमान्य पद्धत) वापरणाऱ्या डिरेक्टरींच्या जगात तो आधीपासून वापरात होता आणि जून २००० मध्ये आरएफसी २८४९ या इंटरनेट-मानकांच्या मालिकेतल्या दस्तऐवजात त्याची व्याख्या प्रसिद्ध झाली.

सीएसव्हीडीईची फाईल प्रत्यक्षात कशी दिसते ते आधी पाहू. पहिल्या ओळीत ॲट्रिब्यूटांची (नोंदीत भरायच्या गुणांची) नावे स्वल्पविरामाने तोडून लिहायची : डीएन, ऑब्जेक्टक्लास, सॅमअकाउंटनेम, युजरप्रिन्सिपलनेम, डिस्प्लेनेम, युजरअकाउंटकंट्रोल. त्याखाली प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ. यातला डीएन म्हणजे डिरेक्टरीतला संपूर्ण पत्ता, म्हणजे व्यक्तीचे नाव, तिचे ओयू (खाती ठेवायचा डिरेक्टरीतला कप्पा) आणि डोमेनच्या नावाचे भाग. त्या पत्त्याच्या पोटातच स्वल्पविराम असल्यामुळे तो अख्खा दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. एक्सेलमधून सीएसव्ही म्हणून जतन केले तर ही चिन्हे आपोआप पडतात, नोटपॅडमध्ये लिहिणाऱ्याने ती विसरता कामा नये. ओयू आधीपासून अस्तित्वात असावे लागते, कारण नसलेल्या घरात माणूस ठेवता येत नाही. सॅमअकाउंटनेम म्हणजे जुन्या पद्धतीचे लॉगिन नाव, त्याला २० अक्षरांची मर्यादा आहे.

सीएसव्हीडीईचे आकर्षण एक्सेलमध्ये आहे आणि तिचा सर्वांत मोठा धोकाही तिथेच आहे. एका तंत्रनिकेतनात मी विद्यार्थ्यांचा सोळा अंकी पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) हेच लॉगिन नाव म्हणून घेतले होते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधराच अंक खरे धरते आणि सोळाव्या जागी शून्य घालते. पीआरएन ओळीने दिलेले असल्यामुळे फक्त शेवटच्या अंकाने वेगळे असलेले दहा-दहा विद्यार्थी एकाच लॉगिन नावावर येऊन बसले. ॲक्टिव्ह डिरेक्टरीने पहिल्याचे खाते उघडले आणि त्याच नावाच्या पुढच्या प्रत्येकाला 'आधीच आहे' म्हणून नाकारले. एरवी सीएसव्हीडीई अशा ठिकाणी ओळ क्रमांक सांगून थांबली असती, पण मी डॅश के लावला होता, आणि 'आधीच आहे' ही चूक गिळून पुढे जाणे हेच त्या स्विचचे काम. आज्ञा शांतपणे शेवटपर्यंत गेली. १२० ओळींच्या फाईलमधून बाराच खाती उघडली होती आणि 'बारा नोंदी यशस्वीपणे बदलल्या' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर होता. मी त्यातला 'यशस्वीपणे' तेवढा वाचला. (सीएसव्हीडीईला एकही नोंद बदलता येत नाही, तरी तिच्या संदेशात शब्द मात्र 'मॉडिफाइड' असतो. दोन आज्ञांच्या गोंधळात या संदेशाचाही वाटा असावा, असे मला वाटते.) पीआरएनचा रकाना आकडे भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवला असता तर हे टळले असते. शून्याने सुरू होणाऱ्या हजेरी क्रमांकांचेही तसेच, ०४७ चे ४७ व्हायला फाईल एकदा उघडून जतन करणे पुरते.

डॅश केमुळे आणखी एक जण हरवू शकतो. एकाच वर्गात दोन स्नेहा पाटील असतील आणि डीएन नुसत्या नावावरून बनवला असेल, तर दोघींचा पत्ता एकच होतो. लॉगिन नावे वेगळी असूनही दुसरीचे खाते उघडत नाही आणि कोणी सांगितल्याशिवाय ते कळतही नाही. म्हणून पहिल्या फेरीत डॅश के लावू नये. आज्ञा मधेच थांबली तर थांबण्याआधीची खाती तशीच राहतात, मागे काही फिरवले जात नाही. तेव्हा चूक दुरुस्त करावी, झालेल्या ओळी फाईलमधून काढाव्यात आणि उरलेली फाईल पुन्हा द्यावी. थोडे कष्ट पडतात, पण गेलेले मूल सापडते.

दोघींमधला फरक सर्वांत आधी जाणवतो तो पासवर्डपाशी. सीएसव्हीडीईने पासवर्ड देता येत नाही. युजरअकाउंटकंट्रोलमध्ये ५१२ म्हणजे चालू साधे खाते, तर ५१४ म्हणजे तेच खाते बंद अवस्थेत. डोमेनच्या धोरणात पासवर्डची किमान लांबी ठरवलेली असताना ५१२ लिहून पाठवले, तर सर्व्हर पासवर्डविना चालू खाते उघडायला नकार देतो आणि 'अनविलिंग टू परफॉर्म' असे कळवतो. सरकारी कचेरीतल्या शेऱ्यासारखे हे उत्तर पाहून नवखा माणूस आपल्या अधिकारात काही कमी आहे का ते शोधत बसतो. यावर ५४४ लिहा असा सल्ला पुष्कळ देतात. तो आकडा म्हणजे ५१२ मध्ये 'पासवर्ड आवश्यक नाही' याचे ३२ मिळवलेले, आणि त्याने खाते रिकाम्या पासवर्डवर चालू होते. चारशे मुलांच्या लॅबमध्ये चारशे उघडी दारे ठेवण्याचा हा सल्ला मी कधीही देणार नाही. ५१४ ने बंद खाती उघडावीत आणि पासवर्ड दुसऱ्या साधनाने द्यावेत, हेच बरे.

ते दुसरे साधन एलडीआयएफडीई असू शकते. तिला पासवर्ड ठेवता येतो, पण सहजासहजी नाही. ॲट्रिब्यूटचे नाव युनिकोडपीडब्ल्यूडी. पासवर्ड दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा, त्या चिन्हांसकट तो यूटीएफ-१६ (युनिकोड अक्षरे साठवण्याची एक पद्धत) मध्ये लिहायचा, त्याचे बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत मांडण्याची पद्धत) करायचे आणि फाईलमध्ये ॲट्रिब्यूटच्या नावापुढे एकाऐवजी दोन अपूर्णविराम देऊन ठेवायचे. साध्या जोडणीवरून सर्व्हर तो स्वीकारत नाही. जोडणी एन्क्रिप्ट केलेली हवी, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर (डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) सर्टिफिकेट असून ६३६ पोर्टवरून जावे लागते, किंवा डॅश एच लावून सामान्य जोडणीच एन्क्रिप्ट करून घ्यावी लागते. हे सगळे जमले तरी एक गोष्ट विसरू नये. बेस-६४ ही गुप्तलिपी नव्हे, ती कोणालाही क्षणात उलटी करता येते. त्यामुळे अशी फाईल डेस्कटॉपवर पडून राहणे म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड सूचनाफलकावर लावण्यासारखेच आहे.

समूहांचे प्रकरण याहून फसवे आहे. सीएसव्हीडीईने एखादे जुने खाते बाहेर काढून पाहिले, तर त्यात मेंबरऑफ नावाचा रकाना दिसतो आणि त्यात ते खाते कोणकोणत्या समूहांत आहे ते असते. साहजिकच माणूस तोच रकाना नव्या फाईलमध्ये घालून, सगळी मुले 'प्रथम वर्ष' समूहात आपोआप जातील अशा भरवशावर आज्ञा देतो, आणि ती फसते. याचे कारण असे की सभासदत्वाची नोंद व्यक्तीकडे नसतेच. ती समूहाकडे, मेंबर या ॲट्रिब्यूटमध्ये असते, आणि मेंबरऑफ हे त्याचे नुसते प्रतिबिंब आहे, ते लिहिता येत नाही. मुलांना समूहात घालायचे तर समूहाची नोंद बदलावी लागणार, आणि समूह आधीपासून असेल तर हे काम सीएसव्हीडीईच्या कक्षेबाहेर गेले. नवा समूह उघडतानाच त्याच्या ओळीत सगळे सभासद घालणे तिला जमते, पण जुन्या समूहात एकही माणूस वाढवणे जमत नाही.

एलडीआयएफमध्ये हेच काम चार-पाच ओळींचे आहे. पहिल्या ओळीत समूहाचा डीएन, दुसरीत चेंजटाइप मॉडिफाय, तिसरीत 'ॲड : मेंबर', त्याखाली प्रत्येक विद्यार्थ्यासाठी 'मेंबर' लिहून त्याचा डीएन, मग एका ओळीत नुसती एक आडवी रेघ आणि शेवटी एक रिकामी ओळ. ती आडवी रेघ म्हणजे 'हा बदल इथे संपला' ही खूण, आणि रिकामी ओळ म्हणजे 'ही नोंद इथे संपली'. माझ्या अनुभवात एलडीआयएफच्या दहा चुकांपैकी सात-आठ या दोन खुणांच्याच असतात. ओळीच्या आरंभी चुकून एक मोकळी जागा पडली तरी घोटाळा होतो, कारण आरएफसीनुसार अशी ओळ आधीच्या ओळीचाच पुढचा भाग मानली जाते. एक्सेलचा इथे उपयोग होत नाही. फार तर सूत्रांनी ओळी बनवून त्या टेक्स्ट फाईलमध्ये चिकटवता येतात.

वर्ष सरल्यावर या कष्टांचे मोल कळते. पहिल्या वर्षाची मुले दुसऱ्यात जातात, विभाग बदलतात, काही प्रवेश रद्द करतात, शेवटच्या वर्षाची बाहेर पडतात. यातली एकही गोष्ट 'नवी नोंद घाल' या क्रियापदात बसत नाही. एलडीआयएफडीई मात्र एकाच फाईलमध्ये काहींचा डिपार्टमेंट रिप्लेस करते, काहींना ५१४ देऊन बंद करते, काहींना दुसऱ्या ओयूमध्ये हलवते. आणि डिलीट लिहिले तर काढूनही टाकते, तेही न विचारता. सीएसव्हीडीईच्या हातून फार तर नको ती खाती उघडली जातील, असलेले मोडणार नाही. नवशिक्याच्या हाती आधी ती देण्यामागे माझे एवढेच कारण आहे.

मराठी नावांबद्दल थोडेसे. डिस्प्लेनेम देवनागरीत हवे असेल तर दोन्ही आज्ञांना डॅश यू लावावा आणि फाईल नोटपॅडमध्ये युनिकोड (नव्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-१६ एलई) म्हणून जतन करावी. डॅश यू न लावता एलडीआयएफडीईने नोंदी बाहेर काढल्या, तर देवनागरी नाव दोन अपूर्णविरामांपुढे बेस-६४ मध्ये येते. तो बिघाड नव्हे, साच्याचा नियमच तसा आहे.

आज कोणी मला शेकडो नवी खाती उघडायला सांगितली, तर मी या दोघींपैकी एकही वापरणार नाही, पॉवरशेल ही विंडोजची स्क्रिप्टची भाषा वापरेन. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे मोड्यूल तिच्यात मिळते. त्यात इम्पोर्ट-सीएसव्हीने फाईल वाचायची आणि प्रत्येक ओळीसाठी न्यू-एडीयुजर चालवून पासवर्डसकट चालू खाते उघडायचे. इथेही सीएसव्ही हा शब्द आल्यामुळे गोंधळाला तिसरा फाटा फुटतो. पॉवरशेलच्या सीएसव्हीत रकान्यांची नावे आपल्या सोयीने ठेवता येतात, 'नाव' आणि 'तुकडी' अशीसुद्धा, कारण कोणता रकाना कुठे जायचा हे आपल्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेले असते. सीएसव्हीडीईच्या फाईलमध्ये मात्र ॲट्रिब्यूटांची डिरेक्टरीला ठाऊक असलेलीच नावे लागतात. त्यामुळे एकीसाठी बनवलेली फाईल दुसरीला जशीच्या तशी चालेल असे धरू नये.

तरी दोन्ही आज्ञा मी सर्व्हरवरून पुसलेल्या नाहीत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा स्कीमा (कोणत्या नोंदीत कोणते ॲट्रिब्यूट असू शकतात त्याचा आराखडा) वाढवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या फाईली एलडीआयएफच्याच साच्यात असतात, तेव्हा तो साचा वाचता येणे लागतेच. आणि सीएसव्हीडीई मी दरवर्षी एकदा उलट्या दिशेने चालवतो. डॅश आय न लावता, फक्त प्रथम वर्षाच्या ओयूवर, डॅश एलने लॉगिन नाव आणि डिस्प्लेनेम एवढेच मागून. बाहेर आलेल्या फाईलच्या ओळी मोजायच्या, शीर्षकाची एक आणि खुद्द ओयूची एक वजा करायची, आणि तो आकडा कार्यालयाच्या यादीशी पडताळायचा.