निबंधाला चिकटवलेली चिठ्ठी

अमेरिकेतल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना निबंध लिहायला दिला होता, विषय आपला 'माझा आदर्श'सारखाच. शिक्षकांनी तो तपासला, समासात शेरे मारले, चुका दाखवल्या. निबंध परत मिळाले तेव्हा प्रत्येकावर एक हातानं लिहिलेली चिठ्ठी होती. काहींच्या चिठ्ठीचा आशय असा: 'निबंध कसा झाला हे तुला कळावं म्हणून हे शेरे दिले आहेत.' बाकीच्यांच्या चिठ्ठीचा असा: 'माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि त्या तू पूर्ण करशील याची मला खात्री आहे, म्हणून हे शेरे दिले आहेत.' कुणाच्या वाट्याला कोणती चिठ्ठी गेली, हे शिक्षकांनाही माहीत नव्हतं.

निबंध सुधारून पुन्हा द्यायचा की नाही, हे मुलांच्या मर्जीवर होतं. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्के मुलांनी तो पुन्हा लिहिला. दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांत हेच प्रमाण 70 टक्क्यांच्या वर गेलं. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मुलं पन्नासही नव्हती, त्यामुळे टक्के अगदी शब्दशः घेऊ नयेत. पण सर्वांत जास्त फरक कुणात पडला ते पाहण्यासारखं आहे: ज्यांचा शाळेवर आधीच विश्वास कमी होता, त्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये.

या मुलांबद्दल एक समज अमेरिकेत फार वर्षं मुरलेला आहे. 1986 मध्ये सिग्निथिया फोर्डहॅम आणि जॉन ओग्बू यांनी वॉशिंग्टनमधल्या एका शाळेच्या अभ्यासावरून मांडलं, की मन लावून शिकणं म्हणजे 'गोऱ्यांसारखं वागणं' असं तिथल्या मुलांना वाटतं आणि सोबत्यांच्या टोमण्यांपायी हुशार मुलंही मागे राहतात. कल्पना चटकदार होती, शिवाय सगळा दोष मुलांच्या गळ्यात घालायला सोयीची. मग 1998 मध्ये जेम्स एन्सवर्थ-डार्नेल आणि डग्लस डाउनी यांनी देशभरातल्या दहावीच्या हजारो मुलांची माहिती तपासली, तर चित्र उलटंच निघालं. शाळेविषयी कृष्णवर्णीय मुलांची मतं गोऱ्या मुलांपेक्षा जास्त अनुकूल होती.

शाळा आवडते, तर मग गुण का कमी? याचं एक उत्तर रॉझलिन मिकेल्सन यांनी 1990 मध्येच देऊन ठेवलं होतं. लॉस एंजेलिस परिसरातल्या बारावीच्या मुलांना त्यांनी दोन तऱ्हेची विधानं दिली. एक सुविचारासारखी: 'शिक्षण ही यशाची किल्ली आहे.' दुसरी घरात ऐकू येणारी: 'आई-बाबा म्हणतात, आपल्यासारख्यांना शिक्षणाच्या मानानं पगार आणि बढती मिळतेच असं नाही.' पहिल्या प्रकाराला कृष्णवर्णीय मुलांनी भरभरून होकार दिला, पण त्या होकाराचा गुणांशी काही संबंध दिसला नाही. गुणांशी मेळ बसला तो दुसऱ्या प्रकारच्या उत्तरांचा. सुविचार काय, कुणीही मान्य करतं. अभ्यासाला बसताना मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र पदवी घेऊनही वर न सरकलेला काका असतो.

चिठ्ठीचा प्रयोग या जागी येऊन भिडतो. लाल शाईचा शेरा दोन प्रकारे वाचता येतो: 'काम सुधार' किंवा 'तुझ्याकडून होणार नाही'. ज्याच्याशी शाळा बरी वागत आली आहे, तो पहिला अर्थ घेतो. गोऱ्या मुलांपैकी 62 टक्क्यांनी साध्या चिठ्ठीवरही निबंध पुन्हा लिहिला होता. दुसऱ्याला मात्र शेऱ्यामागचा हेतू आधी चाचपून पाहावा लागतो.

हा संशय मुलं घरून घेऊन येतात असंही नाही. येगर यांच्याच गटानं 2017 मध्ये दाखवलं, की माध्यमिक शाळेच्या वर्षांत कृष्णवर्णीय मुलांचा शाळेवरचा विश्वास गोऱ्या मुलांपेक्षा जास्त घसरतो. शिक्षाही त्यांनाच जास्त होत होत्या, त्यातही 'उद्धटपणा', 'न ऐकणं' अशा, शिक्षकाच्या मतावर ठरणाऱ्या कारणांसाठी. मुलांना ते कळत होतं. सातवीत ज्यांचा विश्वास असा उडाला, त्यांच्यावर पुढच्या वर्षी जास्त कारवाया झाल्या आणि सातवीतले गुण चांगले असूनही पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जाण्याची त्यांची शक्यता कमी राहिली.