केपटाऊन ते व्हिक्टोरिया धबधबा, ट्रकने: बुकिंग करण्याआधी वाचा

या सहलीची चौकशी करणारे बहुतेक जण आधी विचारतात, ‘सिंह दिसेल ना?’ आम्ही उलट त्यांनाच विचारतो, ‘भल्या पहाटे उठून आपला तंबू आपण आवरायची तयारी आहे ना?’ ती असेल तर ही सहल तुम्हाला भरभरून देईल. नसेल तर याच भागात लॉजमध्ये राहून फिरता येते आणि तशी सहलही आम्ही तितक्याच आपुलकीने आखून देतो. चुकीची सहल निवडून कुणी तीन आठवडे हिरमुसून बसू नये, एवढ्यासाठी हे माहितीपत्रक.

मार्ग असा: केपटाऊनहून उत्तरेकडे ऑरेंज नदी ओलांडून नामिबिया, तिथून पूर्वेला बोट्सवाना आणि शेवटी झिंबाब्वेतला व्हिक्टोरिया धबधबा. २१ दिवस, साधारण साडेपाच हजार किलोमीटर. काही दिवस सात-आठ तास प्रवासच असतो आणि खिडकीबाहेर तासन्‌तास ना गाव, ना माणूस. हे आधीच सांगतो, कारण ‘मधले दिवस विमानाने गाळता येतील का’ असे विचारले जाते. गाळता येणार नाहीत. हिरवे केप हळूहळू कोरडे होत जाते, मग खडक, मग वाळू, मग मिठाचे पठार, आणि अचानक पाणीच पाणी. जमीन अशी बदलताना पाहायची तर ती रस्त्यानेच पार करायला हवी.

गाडी म्हणजे प्रवासासाठी बांधून घेतलेला उंच ट्रक. उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या, प्रत्येकाला एक लॉकर, बाजूच्या कप्प्यांत तंबू, गॅस, भांडी आणि खुर्च्या. लॉकरमध्ये कडक ट्रॉली बॅग बसत नाही, म्हणून मऊ कापडी बॅगच आणा, १५ किलोंपर्यंत. जागा रोज बदलायच्या, म्हणजे पुढची सीट कुणाच्या मालकीची होत नाही.

सोबत चालक आणि वाटाड्या-स्वयंपाकी असतात, पण कामे सगळ्यांत वाटलेली. भाज्या चिरणे, ट्रक झाडणे, भांडी घासणे अशी पाळी लागते. घासलेली भांडी फडक्याने पुसत नाहीत. सगळ्यांनी गोल उभे राहून ती हवेत झटकून वाळवायची, कारण ओल्या फडक्यातून पोटाचे आजार अख्ख्या गटात पसरतात. दोघांचा तंबू उभा करायला पहिल्या दिवशी अर्धा तास लागतो, आठवड्याभरात दहा मिनिटांत होतो.

नामिबियाला आम्ही सर्वाधिक दिवस दिले आहेत. नामिब वाळवंटातल्या सेसरियमच्या फाटकापासून ४५ किलोमीटरवरची ‘ड्यून ४५’ ही प्रसिद्ध लाल वाळूची टेकडी सूर्योदयाआधी अंधारात चढायची. पाऊल अर्धे वर जाते, अर्धे घसरते. कड्यावर बसल्यावर एक बाजू तांबडी पेटते आणि दुसरी अजून काळी असते. पुढे डेडव्लेई या सुकलेल्या तळ्याकडे शेवटचे काही किलोमीटर मऊ वाळू असल्याने ट्रक थांबतो आणि चारही चाकांना जोर मिळणाऱ्या जीपने जावे लागते. तिथल्या पांढऱ्या, तडकलेल्या मातीत बाभळीच्या जातीची वाळलेली झाडे उभी आहेत. ती मेली सुमारे ६००-७०० वर्षांपूर्वी, पण हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलेले नाही. त्या झाडांना हात लावू नका, टेकून फोटोही काढू नका.

स्वाकोपमुंडला पोचलो की बॅगेतून स्वेटर काढून अंगात घाला. समुद्रातल्या थंड बेंग्वेला प्रवाहामुळे वाळवंटाच्या काठावरचे हे जर्मन वळणाचे गाव बऱ्याचदा धुक्यात असते. फळीवर पोटावर झोपून टेकडीवरून घसरणे किंवा विमानातून उडी मारणे इथेच होते. ज्यांना यातले काही नको, त्यांनी निवांत झोप काढावी आणि कपडे धुऊन घ्यावेत. पुढे तशी सोय लवकर नाही.

नामिबियातल्याच एतोशा राष्ट्रीय उद्यानात जनावरे पाहण्याची आमची आवडती जागा म्हणजे ओकाउकुएयो मुक्कामाचा पाणवठा. आतल्या बाजूला दगडी कठडा आणि बाकडी, समोर पाणी, रात्रभर मंद प्रकाश. अंधार पडला की काळे गेंडे येतात. एखादा गेंडा पाण्यापासून थोड्या अंतरावर बराच वेळ नुसता उभा राहतो, कान फिरवतो, मगच पुढे येतो. हत्तींचा कळप आला तर इतर जनावरे आपण होऊन बाजूला होतात. इथे बोलायचे नाही, फ्लॅश मारायचा नाही. एखाद्या रात्री दोन तासांत फक्त एक कोल्हा येतो, तरीही बसा. दाखवण्याची हमी आम्ही कुठल्याच प्राण्याची देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जपून राहा.

बोट्सवानात लाळ्या-खुरकूत रोग पसरू नये म्हणून गुरांची लांबलचक कुंपणे आहेत. नाक्यावर सगळ्यांनी उतरून बुटांचे तळवे औषधी पाण्यात बुडवायचे. कच्चे मांस पुढे नेता येत नाही.

बोट्सवानातल्या ओकावांगो नदीचे पाणी अंगोलाच्या डोंगरांतून येते. तिथला पाऊस वाहत वाहत इथे पोचेपर्यंत महिने लागतात, म्हणून इथल्या कोरड्या हिवाळ्यात नेमका पूर येतो. हे पाणी समुद्राला मिळत नाही, वाळवंटातच आटते. मोकोरो या निमुळत्या होडीत दोन प्रवासी बसतात आणि मागे उभा स्थानिक नावाडी लांब काठीने ती ढकलतो. पूर्वी होड्या एकाच खोडातून कोरत, आता झाडे वाचावीत म्हणून बहुतेक फायबरच्या असतात. बेटावरच्या मुक्कामाला कुंपण नाही, वीज नाही, आणि संडास म्हणजे खणलेला खड्डा. रात्री तंबूची चेन बंद म्हणजे बंद. जवळ पाणघोडा चरताना ऐकू येईल, पण बाहेर डोकावायचे नाही. फळे तंबूत ठेवू नका, वासावर माकडे येतात आणि हत्तीही. नावाडी जे सांगेल तो शेवटचा शब्द.

धबधबा १,७०८ मीटर रुंद आणि सुमारे १०८ मीटर उंच. १९०५ सालच्या पुलावरून १११ मीटरची बंजी उडी आहे आणि खाली झांबेझीत राफ्टिंग. हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर दोन्ही नको. या गोष्टींचे पैसे तिथे वेगळे भरायचे असतात आणि त्यांची सक्ती कुणालाही नाही. विमा घेताना साहसी खेळ आणि विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचून घ्या.

मुलांच्या सुट्टीमुळे मे महिना मागितला जातो. आम्ही तो देत नाही. तेव्हा गवत उंच असते आणि धबधब्याला इतके पाणी की तुषारांत समोरचे दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रान सुकते, जनावरे पाण्यावर गोळा होतात आणि धबधबा नीट दिसतो. म्हणून एक तुकडी गणपतीआधी परतते, दुसरी अनंत चतुर्दशीनंतर निघते. ऑगस्टच्या रात्री वाळवंटात कडाक्याची थंडी असते. कानटोपी आणि जाड मोजे हवेतच.

एतोशापासून पुढे मलेरियाचा भाग आहे. गोळ्या कोणत्या आणि कधी सुरू करायच्या हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर आफ्रिकेला जाऊन आल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताना तिथे १२ तासांहून जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

जेवण शाकाहारी मिळते: भात, पास्ता, भाज्या, डाळी. चटणी, लोणचे, भाजणी आणि मेतकूट बंद पाकिटात आणा. मध, बिया, ताजी फळे आणि दुधाचे पदार्थ आणू नका. दक्षिण आफ्रिकेचा रँड नामिबियातही चालतो, पण नामिबियाचे डॉलर बाहेर चालत नाहीत, ते सीमेआधी संपवा. झिंबाब्वेसाठी अमेरिकी डॉलरच्या लहान, स्वच्छ नोटा ठेवा. केपटाऊनला सॉकेट आपल्या गिझरच्या जाड गोल पिनेचे असते, झिंबाब्वेत चौकोनी पिनेचे.

निघण्याच्या महिनाभर आधी आम्ही एक बैठक घेतो. तिथे मैदानावर प्रत्येकाने एकदा तंबू उभारून पाहायचा. येताना पासपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी आणि नेणार असाल तीच बॅग भरून आणा, वजन तिथेच करू.