मलावीत खताची गोणी शेतापर्यंत पोचायला एवढी का अडते? थोडी पार्श्वभूमी

आधी नकाशा बघा. आफ्रिकेच्या आग्नेयेला मलावी हा लांबट, चिंचोळा देश आहे, त्याला समुद्र नाही आणि युरिया बनवणारा कारखानाही नाही. म्हणजे खत जहाजाने मोझांबिकच्या बेइरा किंवा नकाला बंदरात नाहीतर टांझानियाच्या दार एस सलामला उतरणार, तिथून शेकडो किलोमीटर ट्रकने येणार, मग पुढे कच्च्या रस्त्याने गावात, आणि प्रत्येक टप्प्यावर गोणीची किंमत चढत जाणार. एवढं सगळं करून ती घेणार कोण, तर ज्याच्याकडे जेमतेम अडीच एकर किंवा त्याहून कमी जमीन आहे आणि पावसावर मका आहे तो.

"तिथल्या शेतकऱ्याला खताचं महत्त्व कळत नाही" असं बऱ्याचदा वाचायला मिळतं आणि खरंच वाईट वाटतं. तिथं म्हणच आहे की मका म्हणजे जीवन. पिकाला काय लागतं ते त्याला चांगलं माहितीये, प्रश्न पैशाचा, अंतराचा आणि वेळेचा आहे आणि तो आजचा नाही.

1964 ला स्वातंत्र्य मिळाल्यावर बांडा यांनी तीस वर्षं एकहाती राज्य केलं. 1971 ला अ‍ॅडमार्क नावाचं सरकारी महामंडळ आलं, त्याचे डेपो पार गावापर्यंत होते, खत-बियाणं तिथंच मिळायचं आणि मालही तिथंच घालायचा. सोय होती यात शंका नाही. पण छोट्या शेतकऱ्याचा माल पाडून घेतलेल्या भावाने जायचा आणि त्यातून उरलेला पैसा मोठ्या तंबाखू मळ्यांकडे वळायचा. चांगला पैसा देणारा बर्ली तंबाखू लावायची परवानगीसुद्धा छोट्या शेतकऱ्याला 1990 च्या सुमारास मिळाली. म्हणजे खत विकत घ्यायची ऐपत ज्या पिकातून आली असती तेच पीक इतकी वर्षं त्याच्यासाठी बंद होतं, आणि मला वाटतं खताच्या चर्चेत हा मुद्दा फार कमी येतो.

1980 च्या दशकात मोझांबिकच्या यादवी युद्धात बंदराकडे जाणारे रेल्वेमार्ग तुटले. माल लांबच्या वाटेने, अगदी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमार्गे यायला लागला, भाडं प्रचंड वाढलं आणि नेमकं त्याच काळात जागतिक बँकेच्या कर्जांच्या अटींमुळे खतावरचं अनुदान कमी करा असा दबाव होता. मग 1992 चा दुष्काळ, पाठोपाठ राजकीय उलथापालथ, त्यात शेतकऱ्यांची पीककर्जाची व्यवस्था कोसळली. 1994 ला क्वाचा हे चलन बाजारावर सोडलं आणि आयात खताची किंमत कुठल्या कुठे गेली. खाजगी व्यापारी येतील आणि डेपोची जागा भरून काढतील असा हिशोब होता, पण जिथं रस्ता नाही आणि गिऱ्हाईक वर्षातून एकदा एखादी गोणी घेणारं, तिथं दुकान टाकणार कोण!

1998 ला स्टार्टर पॅक आलं, जवळपास प्रत्येक शेतकरी कुटुंबाला साधारण 15 किलो खत आणि 2 किलो मक्याचं बियाणं, पाव एकरापुरतं, फुकट. दोन वर्षांत ते आटवलं, कमी लोकांना द्यायला लागले, आणि 2001-02 ला दुष्काळात माणसं भुकेने मेली. कारणं अनेक होती, धान्याचा राखीव साठा विकला गेला होता हेही त्यातलंच, पण खत काढून घेणं नक्कीच अंगाशी आलं.

2005 ला पुन्हा पीक बुडालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांनी देणगीदारांचा विरोध असताना स्वतःच्या बजेटमधून सवलतीच्या खताची कुपन योजना सुरू केली, 50 किलोच्या दोन गोण्या, एक पेरणीच्या वेळी द्यायच्या खताची आणि एक वरखताला युरियाची, गोणीला 950 क्वाचा. सरकारी आकड्यांनुसार 2005 ला 12 लाख टनांच्या आसपास असलेला मका 2007 ला 30 लाखांच्या वर गेला आणि झिम्बाब्वेला निर्यात झाली. या आकड्यांवर वाद आहेत, पाऊसही चांगला होता, तरी भूक कमी झाली हे खरं. 2006 च्या जूनमध्ये नायजेरियाच्या अबुजाला आफ्रिकन देशांनी हेक्टरी सरासरी 8 किलोवरून 2015 पर्यंत 50 किलोवर जायचं ठरवलं होतं, ते काही गाठता आलं नाही, आणि 2024 ला नैरोबीत पुन्हा दहा वर्षांत वापर तिप्पट करायचं ठरलं.

मलावीत मात्र योजनेनेच शेतीखात्याचं बहुतेक बजेट खाल्लं. टेंडर उशिरा, वाहतूक उशिरा, कुपनं भलत्याच हातात. वर्षानुवर्षं मक्यावर मका घेऊन जमिनीचा कस गेलाय, कित्येक ठिकाणी ती आम्लधर्मी झालीये, तिथं दिलेलं खतही पूर्ण लागू पडत नाही आणि शेणखत टाकायला जनावरं फारशी नाहीत. 2020 ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चकवेरा यांच्या सरकारने योजना 35 लाखांहून जास्त कुटुंबांपर्यंत वाढवली, गोणी 4,495 क्वाचाला. मग 2022 ला युक्रेन युद्धाने जागतिक भाव भडकले, मे महिन्यात क्वाचाचं 25 टक्के अवमूल्यन झालं, परकीय चलन संपत आलं, गोणी 15,000 क्वाचावर गेली आणि लाभार्थ्यांची यादीही कापली. त्याच ऑक्टोबरमध्ये, ब्रिटनमधल्या एका मांस विकणाऱ्या कंपनीला खतासाठी आगाऊ पैसे दिल्याचं उघड झाल्यावर कृषिमंत्र्यांना काढून टाकलं.

निर्बंधांच्या गोंधळात नेदरलँड्समध्ये अडकलेलं 20,000 टन रशियन खत जागतिक अन्न कार्यक्रमाच्या जहाजाने मलावीला दान म्हणून निघालं. हिशोबाने 50 किलोच्या 4 लाख गोण्या. मक्याची लागवड तिथं नोव्हेंबर-डिसेंबरला होते. बेइराहून रस्त्याने येऊन ते खत सरकारच्या हवाली झालं मार्च 2023 ला, तोवर शेतात कणसं भरत आली होती.