पाऊस ओसरल्यावर कुंडीत काय चाललेलं असतं?

घटस्थापनेच्या आसपास रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. पावसाळाभर गच्चीकडे न फिरकलेली मंडळी एकदम उत्साहात येतात, शेवंतीच्या दोन-चार कुंड्या घेतात आणि घरी आल्या आल्या जुन्या झाडांना मूठ-मूठ खत घालून मोकळी होतात. माझ्या मते हे काम खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी बघायची ती माती, आणि मग रात्र.

हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस परत फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. ढग हटतात, वारा पडतो, जमीन मात्र ओलीच असते. मुंबईतलं दुपारचं तापमान ३३-३४ अंशांवर जातं, म्हणजे ऑगस्टपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त. आपण ज्याला ऑक्टोबर हीट म्हणून शिव्या घालतो ती हीच. झाडासाठी तर हा काळ आणखी अडचणीचा. ढगाळ उजेडात वाढलेली कोवळी पानं अचानक कडक उन्हात येतात, त्यांच्यातलं पाणी भराभर उडू लागतं आणि पाणी वर पाठवणारी मुळं अजून चिखलातच उभी असतात.

म्हणून या दिवसांत एक फसवं दृश्य हमखास दिसतं. भर दुपारी जास्वंद किंवा मिरची मान टाकते. आपण धावत जाऊन तांब्याभर पाणी घालतो. संध्याकाळी झाड जरा सावरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आठवड्याभरात रोप जातं. ते तहानेनेच जातं, पण पाणी कमी पडल्यामुळे नव्हे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि त्यासाठी मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा हवी. तिथे पाणी भरून राहिलं की ऑक्सिजनची वाट अडते, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट संथ पसरतो. ऑक्सिजन तुटलेल्या मुळाच्या पेशी आंबट होतात आणि पाणी आत घेणारी त्यांची सूक्ष्म दारं मिटतात. भोवती पाणीच पाणी, पण आत थेंब जात नाही. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं.

कुंडीत हा त्रास जमिनीपेक्षा जास्त होतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. गळणं थांबलं की तोच उभा करा, पाणी पुन्हा गळायला लागेल. म्हणजे उभा स्तंभ जितका उंच, तितकं जास्त पाणी निथळतं आणि तळाशी एक ठरावीक जाडीचा थर मात्र भिजलेला राहतोच. बुटक्या कुंडीत हा थर मुळांच्या अगदी जवळ येतो. तळाला विटांचे तुकडे भरले की निचरा सुधारतो, ही आपल्याकडची पिढीजात समजूत. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. भिजलेला थर तेवढा तुकड्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पुरते. निचरा हवा असेल तर भाताचं तूस किंवा जाडसर कोकोपीट मातीतच मिसळायला हवं.

तेव्हा पहिलं काम तपासणीचं. कुंडी आडवी करून तळाच्या भोकाशी नाक न्या. पावसानंतरच्या मातीचा वास आला तर सगळं ठीक. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागलेत असं समजा. असं रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढायचं. पांढरी, कडक मुळं ठेवायची आणि तपकिरी पडून बोटात साल सुटणारी कापून टाकायची. बाकीच्या कुंड्यांमध्ये वरची हिरवट शेवाळी खपली काढून दोन इंच माती खुरपून मोकळी केली तरी पुष्कळ. मग बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागेपर्यंत पाणी नाही. दुपारी मान टाकणाऱ्या रोपाला पाण्याऐवजी चार दिवस सावली द्या.

खताचं काय? पावसाने माती धुतली जाते हे खरं, पण सगळंच वाहून जात नाही. मातीच्या बारीक कणांवर आणि कुजलेल्या पालापाचोळ्यावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पोटॅशियम, कॅल्शियम हे धनभारित कण मातीला बऱ्यापैकी चिकटून राहतात. नत्र मात्र बहुतांशी नायट्रेटच्या रूपात असतं, त्याचा भारही ऋण, म्हणून ते पाण्याबरोबर सरळ निघून जातं. जे उरतं त्यातलं काही पाणथळ मातीतले जिवाणू ऑक्सिजनच्या जागी वापरतात आणि त्याचा वायू होऊन तो हवेत जातो. खालची जुनी पानं सगळीच पिवळी पडत असतील तर ही नत्राची ओढ आहे, झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. पण शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर तिथे बहुधा लोह कमी पडलेलं असतं, आणि ते अनेकदा मातीत असूनही गुदमरलेल्या मुळांना घेता आलेलं नसतं.

पेंड किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत चिकट, ओल्या मातीत पडलं की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. म्हणून घाई नको. नवी पालवी दिसली की मूळ चालू झालं असं समजावं आणि मग चांगलं कुजलेलं गांडूळखत घालावं.

आता रात्र. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखूच्या एका विचित्र वाणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात हे झाड माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र ते छोटं असतानाच फुले. त्यांनी उन्हाळ्यात कुंड्या दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन दिवस ‘लहान’ केला आणि तंबाखू फुलला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या झॅन्थियम या तणावर दाखवलं की झाड खरं तर मोजतं ती रात्र. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी ते फुलेना. ही मोजणी पानातल्या फायटोक्रोम या प्रथिनाच्या आणि झाडाच्या अंतर्गत घड्याळाच्या मदतीने होते. तांबड्या प्रकाशाला हे प्रथिन विशेष जागं असतं.

पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरातला सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचाच. तरी शेवंतीला आणि थंडीत वरची पानं लाल होणाऱ्या पॉइनसेटियाला तेवढा पुरतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात शेवंतीचे ढीग दिसतात त्यामागे ही लांबलेली रात्र आहे. म्हणून शेवंतीचे शेंडे खुडण्याची मुदत आता संपली. ऑक्टोबरात खुडाल तर कळ्याच खुडाल. पॉइनसेटिया आता रंगाची तयारी करत असतं. ते रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतात असेल तर डिसेंबरातही हिरवंच राहू शकतं. दिवाळीच्या माळा नेमक्या याच कुंड्यांवरून सोडायची हौस असेल तर झोपताना बटण बंद करावं. नाहीतर कुंडी सरळ मागच्या बाल्कनीत न्यावी.

गुलाबाचं गणित वेगळं. त्याला रात्रीशी फारसं देणंघेणं नाही, छाटणीशी आहे. फांदीच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या सुप्त कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा कापला की ते सुटतात आणि साधारण दीड महिन्यात फुलं येतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर, पाऊस नक्की गेल्यावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप द्या. डिसेंबरच्या सुरुवातीला थंडीतली टपोरी फुलं हाती येतात.

भाज्यांमध्ये मेथी ही अजिबात नखरे नसलेली, तीन-चार दिवसांत उगवते. कोथिंबिरीसाठी धने हलक्या हाताने रगडून दुभंगून घ्या, कारण एका धन्यात दोन बिया असतात. टोमॅटोची रोपं आत्ता कुंडीत गेली पाहिजेत. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहिलं की त्याची फुलं बऱ्याचदा फळ न धरता गळतात, तेव्हा ती थंड रात्रींच्या वेळी आलेली बरी. पालक आणि लेट्यूसचं बी तापलेल्या मातीत रुसून बसतं, त्यांना हीट ओसरेपर्यंत पुडीतच राहू द्या. मटारही नाशिक-पुण्याकडे नोव्हेंबरात लावला तर छान येतो. मुंबई-ठाण्यात आणि कोकणपट्टीत रात्री तेवढ्या गार होतच नाहीत. तिथे मटाराचा हट्ट सोडून कठड्यावर वाल चढवावा, शेजारी लाल माठ आणि मुळा टाकावा.